विहिरीमागच्या चार ओळी

प्रिय गजू,

मला फार भीती वाटते आहे रे. पहिला कागद शाई सांडून वाया गेला. हा दुसरा. तुझ्याच वहीतला फाडला आहे, रागावू नकोस.

येत्या मार्गशीर्षात तुला जाऊन वर्ष होईल. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं? पण आज लिहिल्यावाचून सुटका नाही. उद्या सकाळी महादेवाच्या देवळात तुझ्या सहकारी मंडळीची सभा आहे. तिथं मला उभं राहून बोलायचं आहे, आणि जे बोलायचं आहे ते या घडीला फक्त मला माहीत आहे. ते आधी तुला सांगायला हवं. तुझ्यापासूनच तर लपवलं होतं!

सकाळी देवराव आला होता. तुझ्यामागं बियाण्याच्या मंडळीचं सगळं तोच बघतो. ओसरीवर टेकला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "अक्का, उद्या गजाननभाऊच्या फोटोले हार तुमीच घालाचा. अन् दोन शब्द बोलाचे."

"मी काय बोलू बाबा?"

"याद येईन ते बोला. भाऊनं गावासाठी जीव देल्ला, येवढं म्हना. मंग आमी सखारामचं नाव मंडळीतून काढतो. ठरावच हाये तसा. तुमी बोलल्यावर कोनी आडवं येनार नाई."

मी "हाव" म्हटलं. गजू, मी होकार दिला! तो फाटक लावून गेला, तरी मी तिथंच बसून. चुलीवर दूध उतू गेलं, त्याचा वास आला तेव्हा उठले.

सखारामभाऊंचं नाव काढणार. आपल्या बांधाला बांध लागून ज्यांचं वावर, त्या सखारामभाऊंचं. त्यांच्या वावरातल्या गावरान ज्वारीनं सगळ्या गावाचं बियाणं नासवलं, असं सगळं गाव म्हणतं, तूही म्हणालास. त्यांनी काहीच केलं नाही रे. जे केलं ते मी केलं.

झालं एकदाचं लिहून. थोडं पाणी पिऊन येते.

हे अक्षरसुद्धा तुझंच. सोळाव्या वर्षी कपाळ पुसून मी माहेरी परत आले तेव्हा तू दुसरीत होतास. मी दिवसभर चुलीपुढं बसून राहायची, कोणाशी बोलायची नाही. तू पाटी घेऊन आलास, तिच्यावर 'ग' काढलास आणि म्हणालास, "अक्के, हा मी." दुसऱ्या दिवशी 'अ' काढलास, "ही तू." सात वर्षांचं पोर! मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले, असं आई सांगायची. माणसाला हाताला धरून उठवायची खोड तुला तेव्हापासूनची.

आणि तुझं पहिलं भाषण? बुलढाण्याचं कॉलेज अर्धं टाकून आलास, ग्रामपंचायतीला उभा राहिलास, पारावर चढलास. "बंधूंनो" म्हणालास आणि जो थांबलास तो थांबलासच. मी भिंतीआडून बघत होते. तेव्हा खालून सखारामभाऊ ओरडले, "बोल बे गजा, नाई तं उतर! मले बैलाले पानी पाजाचं हाये!" सगळा पार हसला. तूही हसलास, आणि मग असा बोललास की त्यांचे बैल तहानलेलेच राहिले. तुझ्या पुढारीपणाची सुरुवात त्या एका ओरडण्यानं झाली, हे विसरलास ना?

तुझं मोठेपण मी नाकारत नाही. महाराष्ट्राचं राज्य नवं होतं, जिल्हा परिषद नवी होती, आणि तुझी सायकलही नवी होती. शाळेची दुसरी खोली तू बांधून घेतलीस. देऊळगावची एसटी गावाच्या फाट्यावर थांबायची नाही, तर तू आठ दिवस रस्त्यात उभा राहून ती थांबवायला लावलीस. ड्रायव्हर तुला बघून कपाळाला हात लावायचा. लग्नाचं काढलं की म्हणायचास, "आधी मंडळी उभी राहू दे." अरे, लोक बायकोला मंडळी म्हणतात, तू सहकारी मंडळी घेऊन बसलास! किती मुली सांगून आल्या, एकीचा फोटोही नीट पाहिला नाहीस.

त्या साली रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकर थापता थापता तुटायची. तू ताटातला तुकडा हातात घेऊन म्हणालास, "अक्के, आपन जवारी पिकवनारे लोक, अन् आपन हे खावं?" तिथून तुझ्या डोक्यात ते संकरित बियाणं शिरलं. जालन्याला गेलास, कुठं कुठं शिकून आलास. आपल्या गावानं नुसती ज्वारी नाही, ज्वारीचं बी पिकवायचं. सगळ्यांनी मिळून, एका मंडळीच्या नावानं. आणि आपल्या गावाचं नाव पिशवीवर छापून ते राज्यभर जाईल.

वावरात कामाला येणाऱ्या बायांना तू समजावून सांगत होतास तो दिवस आठवतो. इतक्या ओळी मादीच्या, मग इतक्या नराच्या, दोघांचं लग्न लागलं की ते हायब्रीडचं बी. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. सखारामभाऊंची बायको कौसल्या म्हणाली, "मंग ह्या लग्नाले भटजी कोन?"

"वारा," तू म्हणालास. "दक्षिणा बी मांगत नाई."

मीही हसले होते. तेव्हाच कळायला हवं होतं मला. वारा काय, विहिरीपाशी येऊन थांबतो?

आता तुला बोलते, ऐकून घे. जिथं बियाणं घ्यायचं त्या अख्ख्या पट्ट्यात कोणी गावरान ज्वारी पेरायची नाही, असं तू ठरवलंस. गावरान ज्वारीच्या फुलोऱ्याची धूळ वाऱ्यावर उडून मादीच्या कणसांवर पडली की बियाणं बिघडतं. बरोबर. त्यासाठी पट्ट्यातल्या प्रत्येक वावरवाल्याला महादेवाच्या देवळात नेलंस आणि बेलभंडार उचलायला लावलास. तळहातावर बेलाचं पान आणि हळद घेऊन एकेकानं शपथ घेतली. सखारामभाऊंनी घेतली, देवरावनं घेतली, तू स्वतः घेतलीस. पण बायांना कोणी बोलावलं का? आम्ही बाहेरच्या पायरीवर चपला सांभाळत होतो. अरे, वावरात धुऱ्या-बांधाला, विहिरीमागं, तुरीच्या कडेला दोन ओळी भेंडी, चार ओळी अंबाडी, मूठभर हुरड्याची ज्वारी कोण पेरतं? पुरुष? त्यांना तर ते दिसतही नाही. सगळ्या गावाची शपथ घेतलीस आणि घरात चुलीपाशी येऊन मला एका शब्दानं सांगितलं नाहीस.

मला काहीच माहीत नव्हतं, असं म्हणणार नाही. उडत उडत कानावर आलं होतं. पण मला वाटलं, ते मोठ्या वावरांचं. माझ्या चार ओळींनी काय होतंय!

आईचा तुंबा तुला आठवतो. वाळवलेल्या भोपळ्याचा, आढ्याला टांगलेला, आत राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली पांढरी ज्वारी. आईनं जाताना माझा हात धरला होता. तुझं नाव घेतलं, आणि मग म्हणाली, "पोरी, हे बी मोडू नको. माह्या आईनं देल्लेलं हाये." बी दरवर्षी मातीत जायला हवं, नाही तर उगवायचं विसरतं. आणि त्या साली तर गावात कोणीच गावरान पेरणार नव्हतं. मला धास्ती बसली की ही ज्वारी आता जगातूनच जाईल. आपलं सगळं रान त्याच पट्ट्यात. मग विहिरीमागं, तुरीच्या आडोशाला, बोटानं भोकं पाडून एकेक दाणा टाकला. चार ओळी, फक्त चार.

आणि खरं सांगू? थोडं तुझ्यासाठीही. त्या ज्वारीच्या हुरड्यावर तुझा किती जीव!

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं तू बुलढाण्याहून आलास. दमलेला, पायावर धूळ. मी मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजली, तळहातावर चोळली, पाखडून गरम हुरडा तुझ्या पुढ्यात ठेवला. लसणाची चटणी ठेवली. पहिला घास घेतलास आणि डोळे मिटलेस. दुसरा घेतलास आणि चावायचा थांबलास.

"अक्के, हा हुरडा कोठचा?"

तुझा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. बापरे! एवढासा हुरडा, आणि तुझ्या तोंडावरचं रक्त उतरलेलं. मी घाबरले. समोर कौसल्येची ताकाची चरवी होती. ती रोज द्यायची ना आपल्याला ताक? मी त्या चरवीकडं पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "कौसल्येनं देल्ला."

इतकंच. विचार करायलाही सवड मिळाली नाही. चरवीच्या जागी दुसरं काही असतं तर दुसऱ्याचं नाव घेतलं असतं. तू उरलेला हुरडा ताटात ठेवलास, हात धुतलेस आणि बाहेर गेलास. दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन गेले, चारही ओळी कापल्या, दोन कणसं तुंब्यासाठी ठेवली आणि बाकी गाईपुढं टाकलं. पण दाणा हुरड्याला आला होता, म्हणजे धूळ कधीच उडून गेली होती. हे मला नंतर कळलं.

पण तू का गप्प बसलास रे? तुला वाटलं ना, सखारामनं शपथ मोडली? मग उठून त्यांच्या वावरात एक चक्कर मारायची होतीस! दोन वावरांच्या मधे एक बांध. गेला असतास तर त्यांच्या रानात गावरानचं एक धाट सापडलं नसतं, आणि तू परत येऊन माझ्या पुढ्यात उभा राहिला असतास. पण उन्हाळ्यात पंचायत समितीची निवडणूक होती, आणि सखारामभाऊंच्या भावकीची मतं तुला हवी होती. हे मी मनातसुद्धा कधी धड म्हटलं नव्हतं. आज म्हणते. निवडून आलास त्या दिवशी तुला खांद्यावर कोणी घेतलं होतं? गुलालानं माखलेले सखारामभाऊच होते ना?

मग पोळ्याच्या सुमारास ती बातमी आली. तपासणीसाठी नमुना पेरून पाहिला होता, त्या हायब्रीडच्या बुटक्या झाडांमध्ये उंच उंच गावरान धाटं उभी राहिली. सगळं बी नापास. गावाचं नाव छापलेल्या पिशव्या तशाच कोऱ्या राहिल्या. बायांनी नंतर त्यांचे उशांचे अभ्रे शिवले. आता गावातला जो तो आपल्या गावाच्या नावावर डोकं ठेवून झोपतो. मी माझ्या पिशव्या अजून शिवल्या नाहीत, घडी घालून पेटीत ठेवल्या आहेत.

त्या सभेच्या दिवशी मी देवळामागच्या विहिरीवर होते. घागर भरून झाली होती तरी उभी राहिले. तुझा आवाज आला, "शपथ कोनं मोडली ते मले माहीत हाये. त्या वावरातला हुरडा मी खाल्ला हाये. सखारामभाऊ, तुमीच सांगा."

गजू, माझ्या हातातून दोर सुटला.

सखारामभाऊ म्हणाले, "गजा, मी नाई पेरलं रे. लेकराची आन." त्यांनी पुन्हा बेल उचलला, असं नंतर कळलं. तेव्हा कोणीतरी ओरडलं, "खोटा बेल उचलते हा!" आणि सगळे एकदम बोलायला लागले. मी आत जायला हवं होतं. पन्नास पावलांवर देऊळ होतं. मी घागर उचलली आणि मागच्या वाटेनं घरी आले.

तेव्हापासून त्या माणसाला सावड कोणी देत नाही. एकाच्या पेरणीला दुसऱ्यानं बैल घेऊन जायचं, दुसऱ्याच्या काढणीला पहिल्यानं, असं सगळ्या गावाचं चालतं. त्यांच्याकडं कोणी जात नाही आणि त्यांना कोणी बोलवत नाही. पारावर ते येऊन बसले की बाकीचे एकेक करून उठतात. मुलीच्या हळदीला बोटांवर मोजण्याइतक्या बाया गेल्या. मी गेले. कोणत्या तोंडानं गेले कोण जाणे! कौसल्या माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "अक्का, तुमी तरी आल्या." आणि ताक? तिनं आपलं ताक एक दिवस बंद केलं नाही. रोज ती चरवी भिंतीवरून येते, रोज मी ती घेते, आणि रोज माझ्या घशाखाली काही उतरत नाही.

दिवाळी झाली आणि तुझे डोळे पिवळे दिसायला लागले. फेरतपासणी व्हावी म्हणून तू गावोगाव हिंडत होतास. मिळेल ते खायचं, मिळेल तिथलं पाणी प्यायचं. जालन्याच्या डॉक्टरनं कावीळ सांगितली, अंथरुणाला खिळायला सांगितलं. तू ऐकतोस? जेव्हा ऐकलंस तेव्हा उशीर झाला होता.

ओसरीवरच्या खाटेवर तू पडला होतास. दुपार होती. मी उसाचा रस घेऊन आले. तू माझं मनगट धरलंस, हातात जोर नव्हता.

"अक्के, खरं सांग. तो हुरडा कौसल्यावयनीनंच देल्ला होता ना? मले सखारामचा चेहरा दिसत राह्यते."

हीच वेळ होती. देवानं माझ्या पुढ्यात आणून ठेवली होती. पण तुझे ते पिवळे डोळे! मला वाटलं, आत्ता सांगितलं तर याचा श्वास इथंच थांबेल. बरा झाला की सांगू. मी म्हटलं, "हाव रे. झोप आता."

तू मान वळवलीस. चार दिवसांनी गेलास. तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलास की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

दुसरी भीती गावाची. खोटं कशाला सांगू? आज मी गावात गजाननभाऊची बहीण आहे. दुकानात गेले तर लोक बाजूला सरून जागा देतात. उद्या काय म्हणतील? नवऱ्याला खाल्लं, भावालाही खाल्लं. कोणी तोंडावर म्हणेल, कोणी पाठीमागं. सखारामभाऊंना पारावरून उठवलं, मला तर विहिरीवरूनही उठवतील. चाळिशीला आलेली विधवा बाई, घरात एकटी. तू असताना फाटक वाजलं की मला बरं वाटायचं, आता वाजलं की छातीत धस्स होतं. हे लिहितानासुद्धा दोनदा उठून कडी बघून आले.

आणि तिसरी भीती तुझ्या नावाची. उद्या तिथं तुझा फोटो लागणार. पोरं तुझ्या नावानं वाचनालय काढायचं म्हणतात. मी तोंड उघडलं तर तुझंही निघणार. संक्रांतीपासून तू जाणून गप्प होतास, आणि निवडून आल्यावर बोललास, हेही लोकांच्या लक्षात येणार. न पाहिलेल्या वावरावरून तू एका माणसाला उभा जाळलास. मी गप्प बसले तर तू फोटोत छान राहशील. सखारामभाऊ जातील, एवढंच.

एवढंच! काय लिहिते आहे मी!

(इथवर लिहिलं आणि फाटक वाजलं. कौसल्या आली होती. आता ती गेल्यावर पुढचं लिहिते आहे. जमेल तसं सांगते.)

ती चरवी ठेवून पायरीवर बसली. म्हणाली, "काय लिहून राह्यल्या अक्का?"

"गजूले पत्र."

मला वाटलं हसेल. हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, मग म्हणाली, "माह्याकडून बी लिहा ना येक ओळ. म्हनाव, सखारामनं नाई पेरलं. वरतं गेल्यावर तरी मानसाले खरं समजत असन."

गजू, मी टाक खाली ठेवला. देवळात बोलायचं म्हणून दोन शब्द जुळवत बसले होते ते सगळे विसरले. सरळ सांगितलं. तुंबा, चार ओळी, हुरडा, आणि तुझ्यापुढं तिचं नाव घेतलं तेही. खाटेवरचंही सांगितलं. शब्द अर्धे अर्धे तुटत होते, पण थांबले नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. उठली. आणलेली चरवी उचलली, भरलेली, आणि चालायला लागली. ताक तिच्या पायावर सांडत होतं. फाटकापाशी थांबली, मागं न बघता म्हणाली, "माह्या पोरीच्या हयदीले तुमी आल्या होत्या."

"हाव."

"उद्या सगळ्याईच्या देखत सांगसान?"

"सांगीन."

"तं मी बी येते. पायरीवर नाई बसनार. आत बसीन."

आणि गेली. आज जेवायला ताक नव्हतं. भाकर पाण्यासोबत खाल्ली, पण खाल्ली. बऱ्याच दिवसांनी पूर्ण भाकर गेली पोटात.

भीती गेली म्हणशील तर नाही. अक्षर बघ कसं वाकडं आलं. पण आता मागं फिरायला वाट नाही. मी नाही सांगितलं तर कौसल्या सांगेल, आणि तिनं सांगावं यासारखी लाज नाही. मीच पाटीवरचा 'अ' आहे ना? मग मलाच बोलायला हवं.

तेव्हा आता वचन देते, नीट ऐक. उद्या तुझ्या फोटोला हार घालीन. मग देवराव म्हणेल, बोला अक्का. मी उभी राहीन. तुझ्यासारखीच पहिल्या शब्दाला अडकले तर अडकले. तुला खालून ओरडायला सखारामभाऊ होते. मला कोण आहे? कदाचित तेच ओरडतील, बोला अक्का, नाई तं बसा! त्यांचा तेवढा अधिकार आहे. मी बेल हातात घेईन आणि सगळं सांगेन. माझं सांगेन आणि तुझंही सांगेन, त्यातलं काही झाकणार नाही. पेरणीला महिना राहिला आहे. या वेळी बेलभंडार बायांच्या हातावरही ठेवा, हेही सांगेन, मग मला सभेतून हाकलून दिलं तरी चालेल. तुंब्यातली ज्वारी डोणगावला मावशीकडं धाडणार आहे. तिकडं बियाण्याचे प्लॉट नाहीत, आईचं बी तिथं राहील. आपल्या रानात आता त्याचा एक दाणा पडणार नाही.

तुझा फोटो त्यानंतर भिंतीवर राहील की उतरवतील, ते मला माहीत नाही. उतरवला तर मी घरी घेऊन येईन. ओसरीवर तुझी खाट होती त्या भिंतीला लावीन.

आणि तू दोनदा विचारलंस, एकदा ताटावर बसून आणि एकदा खाटेवर पडून. दोन्ही वेळा मी खोटं सांगितलं. उद्या गावाला सांगायच्या आधी आज तुला सांगते.

तो हुरडा आपला होता, गजू. आपल्याच विहिरीमागचा.

तुझी,
अक्का